अन्ननलिकेला दिलेला शेक हृदयालाही लागतो



आमच्या वस्तीत एक काका राहायचे. नगरपालिकेतून सफाई कामगार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना अन्ननलिकेचा कॅन्सर झाला. आधी भाकरीचा घास अडकू लागला, मग मऊ भात, शेवटी पाण्याचा घोटही उलटून यायचा. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात त्यांना २८ वेळा शेक दिला, सोबत केमो दिली. गाठ गेली. पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, आता काही दिसत नाही. काकूंनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले.

आठ महिन्यांनी काका मला रस्त्यात भेटले. म्हणाले, "ताई, जिना चढलो की धाप लागते. आधी असं नव्हतं." मी अठरा वर्षे वॉर्डात काढलेली नर्स. मी काय सांगितले? "काका, एवढा मोठा आजार झाला, वजन किती उतरलंय तुमचं. अशक्तपणा आहे. दूध, अंडी, डाळीचं पाणी घ्या. हळूहळू ताकद येईल."

तीन आठवड्यांनी रात्री अकरा वाजता काकूंनी दार वाजवले. काका खाटेवर बसून होते, आडवे होता येत नव्हते. पाय सुजलेले, मानेच्या शिरा फुगलेल्या, नाडी पळत होती. १०८ ला फोन करून आम्ही त्यांना घेऊन गेलो. टूडी इको केल्यावर कळले की हृदयाच्या आवरणात पाणी भरले आहे आणि त्या पाण्याने हृदय दाबले जात आहे. सुईने पाणी काढले आणि काका वाचले. तिथल्या डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला, "सिस्टर, यांना छातीवर रेडिएशन झालं होतं ना? मग आधी इको का नाही केला?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. शेकाचा हृदयावर परिणाम होतो हे मला पुस्तकातून माहीत होते. पण समोर माणूस उभा राहिला तेव्हा मला फक्त कॅन्सर दिसला, हृदय दिसले नाही. ज्या रुग्णालयाने शेक दिला तिथल्या कागदावरही हृदयाबद्दल एक ओळ नव्हती. म्हणजे चूक एकट्या माझी नव्हती. पण माझीही होती. म्हणून हा लेख.

दोघे किती जवळ आहेत

अन्ननलिका म्हणजे घशापासून पोटापर्यंत अन्न नेणारी साधारण २५ सेंटीमीटरची नळी. छातीतून खाली उतरताना ती हृदयाच्या अगदी पाठीमागून जाते. हृदयाचा डावा वरचा कप्पा आणि अन्ननलिका यांच्यामध्ये हृदयाच्या पातळ आवरणापेक्षा फारसे काही नसते. हे अंतर किती कमी आहे ते हृदयाच्या वॉर्डातल्या नर्सला चांगले माहीत असते. हृदय नीट बघायचे असेल तर डॉक्टर कधीकधी रुग्णाच्या तोंडातून अन्ननलिकेत नळी घालून इको करतात. छातीवरून दिसत नाही ते तिथून स्पष्ट दिसते, इतके ते जवळ आहे.

आता उलटा विचार करा. अन्ननलिकेच्या मधल्या किंवा खालच्या भागात गाठ आहे आणि तिला किरणांनी जाळायचे आहे. किरण शरीराबाहेरून येतात. गाठीपर्यंत पोहोचताना आणि गाठ ओलांडून पुढे जाताना ते वाटेतल्या अवयवांतून जातात. फुप्फुसे, पाठीचा कणा आणि हृदय. डॉक्टर वेगवेगळ्या कोनांतून किरण टाकून हृदयावरचा मारा कमी करतात, पण शून्य करू शकत नाहीत.

शेकाची मात्रा ग्रे या मापात मोजतात. अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये शस्त्रक्रियेआधी देतात तो शेक बऱ्याच ठिकाणी २३ वेळा मिळून ४१.४ ग्रे असतो. शस्त्रक्रिया करायची नसेल तर २८ वेळा मिळून ५०.४ ग्रे, काही ठिकाणी त्याहून जास्त. ही झाली गाठीची मात्रा. हृदयाला त्यातली किती मिळाली हे वेगळे मोजता येते. त्याला हृदयाची सरासरी मात्रा म्हणतात. शेकाचे नियोजन करणाऱ्या संगणकात हा आकडा रुग्णागणिक तयार असतो. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली कॅन्सर रुग्णांच्या हृदयाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात ही सरासरी १५ ग्रेच्या वर गेली तर धोका जास्त आणि २५ च्या वर गेली तर अतिजास्त मानला आहे. अन्ननलिकेच्या खालच्या भागाला शेक घेतलेले पुष्कळ रुग्ण १५ ची रेषा ओलांडतात.

हृदयात नेमके काय बिघडते

किरणांनी हृदय त्याच दिवशी बंद पडत नाही. ते हळूहळू पोखरले जाते. बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते, तिथे दाह सुरू राहतो आणि मऊ स्नायूच्या जागी चिवट, ताठर तंतू तयार होतात. त्यातून वेगवेगळे आजार उभे राहतात.

पहिला, हृदयाच्या आवरणात पाणी होणे किंवा आवरणाला सूज येणे. अन्ननलिकेच्या रुग्णांत हा सगळ्यात जास्त दिसतो आणि बहुधा पहिल्या दीड-दोन वर्षांतच दिसतो. अनेकांमध्ये पाणी थोडे असते आणि त्रासही होत नाही. काहींमध्ये मात्र ते काकांसारखे जिवावर बेतते.

दुसरा, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अरुंद होणे, म्हणजे ज्याला आपण ब्लॉकेज म्हणतो.

तिसरा, हृदयाचा स्नायू ताठर किंवा कमजोर होणे. मग पायांवर सूज येते, धाप लागते.

चौथा, ठोक्यांची लय बिघडणे. ठोके अचानक पळू लागतात, चुकतात किंवा फार मंद होतात.

पाचवा, झडपा जाड होणे. याला मात्र बरीच वर्षे लागतात.

यात केमोचाही वाटा असतो. फाइव्ह-एफयू आणि त्याच्या गोळीच्या रूपातले कॅपेसिटाबिन या औषधांनी काही रुग्णांच्या हृदयाच्या वाहिन्या आवळल्या जातात आणि छातीत कळ येते. सलाईन चालू असताना छातीत दुखले, तर "ॲसिडिटी असेल" म्हणून गप्प बसू नका. त्याच क्षणी सिस्टरला सांगा.

"एवढे जगतो कोण?"

हा लेख लिहिण्याआधी मी दोन-तीन जुन्या सहकाऱ्यांशी बोलले. एकीने सरळ सांगितले, "अगं, अन्ननलिकेचा पेशंट पाच वर्षं काढतो का? हृदय बिघडायला वीस वर्षं लागतात. उगाच लोकांना कशाला घाबरवतेस?"

हा समज कुठून आला ते समजून घेतले पाहिजे. शेक आणि हृदय यांचा संबंध सगळ्यात बारकाईने अभ्यासला गेला तो स्तनाच्या कॅन्सरमध्ये. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या दोन हजारांहून जास्त स्त्रियांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. हृदयाच्या सरासरी मात्रेत दर एका ग्रेमागे गंभीर हृदयविकाराचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढत गेल्याचे त्यात दिसले. धोका पहिल्या पाच वर्षांतच सुरू झाला आणि वीस वर्षांनंतरही टिकून राहिला. यातला "वीस वर्षे" एवढाच भाग लोकांच्या डोक्यात राहिला, "पहिल्या पाच वर्षांत" हा विसरला गेला.

अन्ननलिकेचे चित्र तर आणखी वेगळे आहे, कारण इथे हृदयाला मात्रा पुष्कळ जास्त मिळते. अमेरिकेतल्या एम. डी. अँडरसन या कॅन्सर केंद्रातल्या ४७९ रुग्णांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात १८ टक्के रुग्णांना शेकानंतर हृदयाचा गंभीर त्रास झाला. ज्यांना झाला त्यांतल्या निम्म्यांना तो सात महिन्यांच्या आत झाला. ज्यांना आधीपासून हृदयाचा आजार होता त्यांना धोका जास्त होता. हृदयाची सरासरी मात्रा १५ ग्रेच्या खाली राहिली त्यांना त्रास कमी झाला. आणि ज्यांना हा त्रास झाला ते इतरांपेक्षा कमी जगले.

म्हणजे "हृदय बिघडेपर्यंत पेशंट जगत नाही" हे म्हणणे खरे नाही. आणि अन्ननलिकेचा कॅन्सर झाला म्हणजे माणूस संपला, हेही आता खरे राहिलेले नाही. नेदरलँड्समधल्या क्रॉस नावाच्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ साली आले. नुसती शस्त्रक्रिया केलेल्यांतले निम्मे रुग्ण दोन वर्षांच्या पुढे गेले. आधी केमो आणि शेक, मग शस्त्रक्रिया असे केलेल्यांतले निम्मे चार वर्षांच्या पुढे गेले. ज्या शेकाने हे आयुष्य मिळवून दिले, त्या शेकाला शिव्या घालण्यासाठी मी लिहीत नाही. मिळालेली ही वर्षे धाप टाकत, बसून रात्री काढत जाऊ नयेत, यासाठी लिहिते आहे.

म्हणून एक गोष्ट ठळकपणे सांगते. हा लेख वाचून कोणीही शेक नाकारू नका, अर्धवट सोडू नका. गाठ राहिली तर ती काही महिन्यांत जीव घेते. हृदयाची काळजी घेता येते, त्यावर औषधे आहेत, पाणी झाले तर काढता येते. तुलना अगदी सरळ आहे.

शेक सुरू होण्याआधी

डॉक्टरांना विचारण्यात संकोच नको. आपली माणसे मोठ्या रुग्णालयात गेली की बोलत नाहीत. "साहेब रागावतील" म्हणून प्रश्न खिशात ठेवून परत येतात. हे चार प्रश्न कागदावर लिहून न्या.

एक, शेकाआधी ईसीजी आणि टूडी इको करणार का? सुरुवातीचे चित्र हातात असले तरच नंतर काय बिघडले ते कळते.

दोन, मला रक्तदाब, साखर किंवा पूर्वी ॲटॅक येऊन गेला आहे, हे तुमच्या कागदावर लिहिले आहे का? कॅन्सरच्या गडबडीत जुना आजार सांगायचा राहून जातो.

तीन, हृदयाला मात्रा कमीत कमी जावी म्हणून नियोजनात काय केले आहे? आज बहुतेक मोठ्या केंद्रांत सीटी स्कॅनवर हृदयाची बाह्यरेषा आखून त्याप्रमाणे किरणांचे कोन ठरवतात.

चार, माझ्या हृदयाची सरासरी मात्रा किती येते?

प्रोटॉन नावाच्या नव्या उपचाराबद्दल लोक विचारतात. प्रोटॉनचे किरण गाठीपाशी जाऊन थांबतात, पुढे जात नाहीत, त्यामुळे हृदयाला कमी मात्रा लागते. भारतात हा उपचार चेन्नईला २०१९ पासून आणि टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात २०२३ पासून मिळू लागला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत प्रोटॉन घेतलेल्या अन्ननलिकेच्या रुग्णांना एकूण दुष्परिणाम कमी झाले, पण ते साधा आधुनिक शेक घेतलेल्यांपेक्षा जास्त जगले असे दिसले नाही. म्हणून माझे सांगणे असे, डॉक्टरांनी सुचवले आणि परवडणारी सोय झाली तर जरूर घ्या. पण त्यासाठी घर किंवा जमीन गहाण टाकू नका आणि वाट बघत उपचार लांबवू नका. नीट नियोजन केलेला नेहमीचा शेक वेळेवर मिळणे जास्त महत्त्वाचे आहे.

आणि तंबाखू. अन्ननलिकेचा कॅन्सर आणि हृदयविकार या दोघांचेही हे समान कारण. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. ती कितपत पाळली जाते हे कोपऱ्यावरची टपरी सांगेल. आपल्या बायकांची मिश्री तर व्यसनात मोजलीच जात नाही. "दात घासते फक्त" असे म्हणतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. कॅन्सर झाल्यावर "आता सोडून काय उपयोग" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. उपयोग आहे. शेकाने दुखावलेल्या रक्तवाहिन्यांवर निकोटिनचा भार पडायचा थांबतो. पण सोडवताना माणसाला टाकून बोलू नका. गटारात, कचऱ्यात काम करताना वास सहन व्हावा म्हणून ज्याने तंबाखू तोंडात धरला, त्याला आजारपणात उपदेश नको, मदत हवी.

गिळता येत नाही तेव्हा गोळ्यांचे काय?

ही गोष्ट फारशी कोणी बोलत नाही, पण घरोघरी घडते. घास अडकायला लागला की माणूस आधी रक्तदाबाची आणि साखरेची गोळी बंद करतो. "जेवणच जात नाही, गोळी कुठली?" आणि हे डॉक्टरांना सांगत नाही. गोळी बंद, रक्तदाब वाढलेला आणि वरून हृदयावर किरण, असे तिहेरी ओझे होते.

दुसरा प्रकार उलटा. नाकातून किंवा पोटातून नळी घातली की घरचे लोक सगळ्या गोळ्या खलबत्त्यात कुटून नळीतून देतात. हे सगळ्या गोळ्यांना चालत नाही. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या काही गोळ्या दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात. त्या कुटल्या की दिवसभराचे औषध एकदम रक्तात जाते आणि माणूस चक्कर येऊन पडू शकतो. प्रत्येक गोळी दाखवून विचारा, "ही कुटली तर चालेल का? नाही तर याचे पातळ औषध मिळेल का?"

तिसरी गोष्ट. पंधरा-वीस किलो वजन उतरले की जुन्या मात्रेतली रक्तदाबाची गोळी जास्त होऊ शकते. म्हणून रक्तदाब पुन्हा मोजून मात्रा ठरवून घ्या. सतत उलट्या होत असतील तर अंगातले पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कमी होते आणि ठोक्यांची लय बिघडू शकते. उलट्या दोन दिवसांच्या वर चालल्या तर घरी लिंबू-पाण्यावर काढू नका.

शेक संपल्यानंतर

युरोपच्या त्या सूचनांनुसार जास्त धोक्याच्या रुग्णाची दरवर्षी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी अशी तपासणी व्हावी. इको पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी करावा. पाच वर्षांनंतर दर पाच वर्षांनी इको आणि दर पाच ते दहा वर्षांनी हृदयाच्या वाहिन्यांचीही तपासणी करावी. हे सगळ्या प्रकारच्या छातीच्या शेकासाठी आहे. माझे मत असे की अन्ननलिकेच्या रुग्णाने पहिल्या इकोसाठी वर्षभर थांबू नये. त्रास जर सात महिन्यांच्या आसपास सुरू होत असेल तर पहिला इको तीन ते सहा महिन्यांत व्हायला हवा. तुमच्या डॉक्टरांशी याबद्दल बोला. शेकात गळ्याचा भाग आला असेल तर थायरॉईडची तपासणीही करून घ्या. थायरॉईड मंदावला तरी थकवा येतो आणि हृदयावर ताण पडतो.

तपासणीच्या मधल्या काळात घरच्यांनी लक्ष ठेवायच्या गोष्टी सोप्या आहेत:

– आधी जेवढे चालता यायचे तेवढ्यात आता धाप लागते का?

– झोपताना एका उशीच्या जागी दोन-तीन उशा लागतात का? रात्री घाबरून उठून बसावे लागते का?

– संध्याकाळी पायांवर बोट दाबले तर खड्डा राहतो का?

– तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले का? कॅन्सरनंतर वजन वाढले की घरात आनंद होतो. पण इतक्या झपाट्याने वाढलेले वजन हे बहुधा अंगातले पाणी असते.

– नाडी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. बसल्या जागी ती शंभराच्या वर राहते का? ठोके अनियमित आहेत का?

– चक्कर येऊन शुद्ध हरपली का?

यातले काहीही दिसले तर डॉक्टरकडे जा आणि पहिले वाक्य हे बोला: "मला छातीवर रेडिएशन झाले आहे." हे वाक्य तुम्ही बोलला नाहीत तर गर्दीच्या ओपीडीत कोणी विचारेल याची खात्री नाही. छातीत दुखून घाम फुटला, आडवे होताच येत नाही, शुद्ध हरपली, असे झाले तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

अन्ननलिका काढून पोटाची पिशवी वर छातीत ओढून जोडलेल्या रुग्णांना जळजळ आणि छातीत भरून येणे हे रोजचेच असते. त्यामुळे हृदयाचे दुखणे त्याखाली लपते. चालताना वाढणारे आणि थांबल्यावर कमी होणारे दुखणे असेल तर त्याला ॲसिडिटी समजू नका. जेवणाशी त्याचा संबंध नसेल तरी दाखवून घ्या.

अशक्तपणा कोणाचा?

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त चीड येते ती "अशक्तपणा" या शब्दाची. मीही तो वापरला, म्हणून बोलण्याचा हक्क घेते. सुस्थितीतल्या माणसाला धाप लागली की त्याचा इको होतो. हातावर पोट असलेल्या माणसाला धाप लागली की त्याला अशक्तपणा आलेला असतो. त्याला टॉनिकची बाटली मिळते, सलाईन लावले जाते, खिशातले पाचशे रुपये जातात. बाईला तर "काळजी करतेस म्हणून छातीत धडधडतं" असे सांगून परत पाठवतात. वर्षानुवर्षे अर्धपोटी राहिलेल्या माणसांच्या बाबतीत अशक्तपणा हे उत्तर कोणालाही पटते, म्हणून पुढे शोधले जात नाही. तपासणीआधी "अशक्तपणा" हे निदान करायचे नाही, एवढे आपण ठरवूया. आधी नाडी, रक्तदाब, ईसीजी, गरज असेल तर इको आणि रक्ताची तपासणी. त्यात काही निघाले नाही तर मग खुशाल दूध-अंडी सांगा.

आपण काय मागायचे

पहिली मागणी रुग्णालयांकडे. शेक संपल्यावर जे कार्ड मिळते त्यावर तीन गोष्टी लिहून मिळाल्या पाहिजेत: गाठीला दिलेली एकूण मात्रा, हृदयाची सरासरी मात्रा आणि दिलेल्या केमोची नावे. हा आकडा संगणकात आहेच, तो कागदावर उतरवायला खर्च नाही. दहा वर्षांनी तालुक्याच्या डॉक्टरला तोच कागद उपयोगी पडेल. लसीकरणाचे कार्ड आपण जपतो तसे हे कार्ड जपायचे.

दुसरी मागणी सरकारकडे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचा शेक आणि केमो मिळते, त्यामुळे हजारो घरे कर्जातून वाचली. पण उपचार संपल्यानंतरच्या हृदयतपासणीचा रस्ता रुग्णाला कोणी दाखवत नाही. छातीवर शेक घेतलेल्या प्रत्येक रुग्णाचा ठराविक काळाने ईसीजी आणि इको हा त्याच उपचाराचा भाग मानला गेला पाहिजे आणि तो जिल्ह्याच्या ठिकाणी मोफत झाला पाहिजे. इकोसाठी मराठवाड्यातून किंवा विदर्भातून मुंबईला जायचे म्हणजे दोन दिवसांची रोजी बुडते, सोबत एक माणूस लागतो, राहायची सोय बघावी लागते. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला तपासणीसाठी जाताना भाड्यात सवलत आहे, ती जरूर घ्या. पण सवलतीच्या तिकिटाने बुडालेली रोजी भरून निघत नाही. लोक तपासणीला जात नाहीत याचे कारण अडाणीपणा नाही, हा हिशेब आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारायला विसरू नका की पुढच्या तपासण्यांपैकी योजनेत काय बसते. उत्तर नीट मिळाले नाही तर लेखी विचारा.

तिसरे काम आपले आपण करायचे. १४ एप्रिलला आपण ठिकठिकाणी आरोग्य शिबिरे घेतो. रक्तदाब, साखर तपासतो, रक्तदान करतो. त्याच टेबलावर एक प्रश्न वाढवा: "तुम्हाला किंवा घरात कोणाला छातीवर शेक दिला होता का?" उत्तर "हो" आले तर वेगळ्या वहीत नाव घ्या, नाडी आणि रक्तदाब मोजा, ईसीजीची तारीख ठरवून द्या. फक्त अन्ननलिकेचेच रुग्ण नाहीत. डाव्या स्तनाला शेक घेतलेल्या बायका आहेत, फुप्फुसाला घेतलेले आहेत, लहानपणी छातीवर शेक घेऊन बरी झालेली आणि आता कामाला लागलेली तरुण मुले आहेत. महिला मंडळाने विहारात महिन्यातून एका रविवारी रक्तदाब मोजायचे यंत्र आणि वजनकाटा ठेवला तरी पुष्कळ होईल. यंत्र दीड-दोन हजारांत येते. मोजायला मी शिकवीन, अर्ध्या तासाचे काम आहे.

काका त्या रात्रीनंतर दोन वर्षे जगले. पाणी काढल्यावर गोळ्या सुरू झाल्या, मीठ कमी केले, दर तीन महिन्यांनी जिल्हा रुग्णालयात जायचे. सकाळी नातीला शाळेत सोडायला जायचे, वाटेत माझ्या दाराशी थांबून "आज नाडी शहात्तर" असे सांगायचे. त्यांना स्वतःची नाडी मोजायची सवयच लागली होती. पुढे कॅन्सर पुन्हा उलटला आणि ते गेले. पण ती दोन वर्षे त्यांनी चालत-फिरत काढली. माझ्या त्या "दूध, अंडी घ्या" या सल्ल्याने ती दोन वर्षे तीन आठवड्यांत संपणार होती.

आज घरी गेल्यावर एक काम करा. घरात, नात्यात, शेजारी कोणी छातीवर शेक घेतलेला असेल तर त्याची फाईल काढायला सांगा. शेवटचा इको कधी झाला ते बघा. कागद सापडला नाही तर इको झालेला नाही असेच धरा आणि या आठवड्यातच त्यांना घेऊन जा.